चेसिंग्टनचे वाघ आणि आपलं कात्रज

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मुलाकडे इंग्लंडला गेलो की नातवाचा एक हट्ट ठरलेला: चेसिंग्टन. लंडनच्या नैऋत्येला असलेलं हे मोठं थीम पार्क. उंच पाळणे, किंचाळत खाली येणाऱ्या गाड्या आणि त्यांच्या अधेमधे गोरिला, वाघ, समुद्रसिंह. नातवाची समजूत अशी की, पाळण्यांना शोभा म्हणून प्राणी आणून ठेवलेत.

खरं तर आधी प्राणीच होते. रेजिनाल्ड गोडार्ड यांनी 'बर्न्ट स्टब' नावाच्या जुन्या वाड्याच्या आवारात १९३१ साली प्राणिसंग्रहालय काढलं. जोडीला सर्कस आणि लहानशी आगगाडी. दुसऱ्या महायुद्धात इथले प्राणी थेट डेव्हनमधल्या पेनटनला हलवले होते. पुढे गर्दी ओसरू लागली, मालकी बदलली आणि १९८७ मध्ये त्याच आवारात थीम पार्क उघडलं. संग्रहालय जगावं म्हणून पाळणे आले, हे मान्य. पण भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी! २०१८ मध्ये तिथे वाघांच्या भोवती नवा विभाग उभा राहिला, तेव्हा पाण्यात झेपावणाऱ्या जुन्याच राइडला वाघाचं नाव मिळालं. आता नातवाला 'टायगर' म्हटलं की आधी ती राइड आठवते.

हे सगळं आठवायचं कारण घरचंच आहे. पुण्यात पर्वतीच्या पायथ्याशी सवाई माधवरावांचा शिकारखाना, म्हणजे तेव्हाचं प्राणिसंग्रहालय, होता. त्याच परिसरात १९५३ साली पेशवे पार्क झालं, १९५६ मध्ये तिथे मुलांची छोटी आगगाडी 'फुलराणी' धावली. माझ्या पिढीने सिंहाची डरकाळी सारसबागेत भेळ खाता खाता ऐकली आहे. (पिंजऱ्यांचा वासही आठवतो, उगाच गोड आठवणी काढत नाही.) कात्रजला १९९९ मध्ये नवं संग्रहालय झालं, पुढे पेशवे पार्कातले प्राणी तिकडे गेले आणि जुन्या जागी ऊर्जा उद्यान आलं. तेव्हा हळहळलो होतो. आता वाटतं, पुण्याने नकळत शहाणपण केलं. खेळ एकीकडे राहिले, प्राणी दुसरीकडे गेले.

आमच्या सकाळच्या कट्ट्यावर मात्र हल्ली ऐकू येतं, 'कात्रजलाही चार पाळणे टाका, उत्पन्न वाढेल.' उत्पन्नाचा मुद्दा खोटा नाही. वाघाला रोज मांस लागतं, ते काही फुकट येत नाही. पण पैसा पाळण्यांचा असला की मोकळ्या जागेवर पहिला हक्कही पाळण्यांचाच होतो. शिवाय पाळणा हंगाम संपला की बंद ठेवता येतो, वाघ नाही. चेसिंग्टनलाही हिवाळ्यात मोठ्या राइड थांबतात, तेव्हा नुसतं प्राणिसंग्रहालय उघडं ठेवण्याचे दिवस असतात. मला विचाराल तर जायचं ते त्याच दिवसांत.

तलाव धरून सुमारे १३० एकरांची कात्रजची जागा पूर्वी शहराच्या टोकाला होती, आता मात्र चहूबाजूंनी वस्तीने वेढली गेली आहे. आणखी जागा मिळणार नाही. महापालिकेला पैसे उभे करायचेच असतील तर तिकीट वाढवावं, प्राणी दत्तक घ्यायला लोकांना बोलवावं. मी स्वतः शेकरूपुरता तरी पुढे येईन. मुलांना खेळ हवे असतील तर फुलराणीचे रूळ पेशवे पार्कात आहेतच.

आपला,
एक ज्येष्ठ वाचक, पुणे