नोव्हेंबरातली रांग

चि. मनूस, अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर मी तुझ्यावर ओरडलो, ते चुकलंच माझं. तू एवढंच विचारलंस, "बाबा, लढाईवर जाणारे सगळे खरंच देशभक्त असतात का, की तीही एक नोकरीच?" आणि मी "सैनिकांबद्दल असं बोलू नये" म्हणत फोन ठेवून दिला. आई दोन दिवस माझ्याशी धड बोललेली नाही. प्रश्न झोंबला, कारण तोच मी एकदा एका फौजी माणसाला विचारला होता.

तुला ठाऊक आहे, माझी सतरा वर्षं महूला बँकेत, पेन्शनच्या टेबलावर गेली. महू म्हणजे छावणी. इन्फन्ट्री स्कूल तिथं, वॉर कॉलेज तिथं, आणि निवृत्तीनंतर तिथंच घर बांधून राहिलेले फौजी गल्लोगल्ली. नोव्हेंबर लागला की हयातीच्या दाखल्यासाठी रांग लागायची. आपण जिवंत आहोत एवढं सांगायला म्हातारी माणसं शटर उघडायच्या आधीपासून उभी असत.

त्या रांगेत एक निवृत्त नाईक यायचे. मूळचे अकोल्याकडचे, महार रेजिमेंटचे. उजव्या हाताची दोन बोटं नव्हती, आणि डाव्या अंगठ्याच्या रेषा इतक्या झिजलेल्या की मशीन तो घेतच नसे. एकदा मी तिसऱ्यांदा अंगठा पुसायला सांगितला आणि ओशाळून काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "देशासाठी लढलात, काका."

ते म्हणाले, "भरतीला गेलो तेव्हा देश कुठं डोक्यात होता, साहेब? दोन बहिणी लग्नाच्या होत्या. अन् तिकडं श्रीलंकेत, जाफन्यात उतरवलं, तर तिथली भाषा समजेना. आपला कोण, परका कोण, काही कळेना."

"मग लढलात कशासाठी?"

त्यांनी अंगठा पँटीला घासला. "बाजूचा पोरगा पडला होता. त्याला तिथंच टाकून यायचं होतं का?"

मशीननं अंगठा घेतला. ते पासबुक उचलून निघून गेले, आणि माझ्या हातून पुढच्या माणसाचा फॉर्म बराच वेळ भरून होईना.

तेव्हा हो, मनू, पगार असतो. शेत पुरत नाही, घरात खाणारी तोंडं असतात, पोरगा पहाटे रस्त्यावर धावायला लागतो. आपल्या ग्वाल्हेरच्या पलीकडं भिंड-मुरैन्याला जा, अशी पोरं तुला ढिगानं दिसतील. आणि पोटाशिवाय आणखी एक कारण असतं, जे तुझ्या प्रश्नात आलंच नाही. 1890 नंतरच्या काळात इंग्रजांनी 'लढाऊ जाती' ठरवल्या आणि महारांची भरती बंद केली. पिढ्यान्‌पिढ्या फौजेत राहिलेल्यांना एका हुकुमानं दार बंद. निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकरांनी 1894 साली त्याविरुद्ध अर्ज तयार केला. महार रेजिमेंट उभी राहायला 1941 साल उजाडावं लागलं. ज्याला गावात पाणवठ्यावर उभं राहू देत नव्हते, त्याला वर्दीत माणूस म्हणून उभं राहायचं होतं. त्याला तू 'फक्त नोकरी' म्हणशील का? मला तरी म्हणवत नाही.

आता जाफन्याचं. 1987 च्या जुलैत श्रीलंकेशी करार झाला, आपली शांतिसेना शांतता राखायला म्हणून गेली आणि तिथल्या तमिळ बंडखोरांशी लढाईत अडकली. 1990 च्या मार्चमध्ये परतेपर्यंत अकराशेहून जास्त माणसं गेली होती. तिला पाठवायला नको होतं, असं म्हणणारे आपल्याकडे आजही पुष्कळ आहेत, आणि मीही त्यांच्यातलाच. पण त्याच लढाईत, 25 नोव्हेंबर 1987 ला, महार रेजिमेंटच्या आठव्या बटालियनचे मेजर रामस्वामी परमेश्वरन यांच्या छातीत गोळी लागली. त्यांनी समोरच्याची रायफल हिसकावून त्यालाच टिपलं आणि शेवटच्या श्वासापर्यंत ते आपल्या जवानांना हुकूम देत राहिले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. लढाई चुकली होती असं मानणारा मी, त्या माणसाची निष्ठा चुकली असं कसं म्हणू?

फौजेतली शपथ तू कधी वाचली आहेस का? ती कुठल्या पुढाऱ्याची नसते, राज्यघटनेवरच्या निष्ठेची असते. जमिनीवरून, समुद्रातून, आकाशातून, हुकूम होईल तिथं जाईन, जिवावर बेतलं तरी, असं त्यात आहे. ती घटना ज्यांनी घडवली ते बाबासाहेब जन्मले याच महूच्या छावणीत, 1891 साली, एका सुभेदाराच्या घरी. मी दुपारच्या सुट्टीत कितीदा तरी त्या स्मारकावरून चालत गेलोय. शपथ घेणारा कुठं जायचं ते स्वतः ठरवत नाही. ते ठरवतात आपण निवडून दिलेले. म्हणजे युद्ध योग्य की अयोग्य हा हिशेब त्याच्याकडे मागून चालणार नाही, तो तुझ्या-माझ्याकडे येतो, आणि आपण तो देत नाही. टीव्हीपुढं बसून 'घुसा, मारा' ओरडणाऱ्याला मी देशभक्त म्हणणार नाही, मग तो माझा सख्खा भाऊ का असेना.

वर्दी चढवली की माणूस देव होतो, असंही मी सांगत नाही. त्यात चांगले असतात, वाईट असतात. वर्दीतल्यानं अन्याय केला तर तो अन्यायच. तसं बोलणाऱ्याला गप्प करू नये, जसं मी तुला केलं.

एक गोष्ट मात्र तुला सांगितलेली नाही. त्याच रांगेत एक बाई यायच्या, नवरा सीमेवर कामी आलेला. फौजेच्या कागदांत त्यांचं नाव वेगळं, आधारवर वेगळं, एका वेलांटीचा फरक. मी त्यांना परत पाठवलं, "पार्ट टू ऑर्डर घेऊन या" म्हणून, म्हणजे फौजेच्या नोंदीत नाव दुरुस्त झाल्याचा हुकूम. नियमच तसा होता. नाव दुरुस्त होऊन यायला चौदा महिने लागले. तेवढ्यात त्या चार वेळा आल्या, नवऱ्याचं सर्व्हिस बुक एका हिरव्या रुमालात बांधून. चारही वेळा त्यांनी गाठ माझ्यासमोर सोडली आणि पुन्हा घट्ट बांधली. एकदाही आवाज चढवला नाही. त्याच वर्षी सव्वीस जानेवारीला मी बँकेच्या अंगणात झेंड्याला सलाम करून लाडू खाल्ला होता.

नाईककाका अजून महूलाच असतात. दिवाळीला आलीस की त्यांच्याकडे जाऊ. तुझा प्रश्न तू त्यांना विचार. मी मध्ये बोलणार नाही.

तुझा,
बाबा