पावसाळी वनस्पतींचा क्षेत्र प्रकल्प उन्हाळ्यात का?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार राज्यातील विद्यापीठांनी २०२३-२४ पासून एम.एस्सी.ची नवी रचना लागू केली. दोन वर्षांचे ८८ श्रेयांक (क्रेडिट), पहिल्या सत्रात संशोधन पद्धतीचे ४, दुसऱ्या सत्रात प्रत्यक्ष कार्यप्रशिक्षण किंवा क्षेत्र प्रकल्पाचे ४ आणि तिसऱ्या-चौथ्या सत्रांत मिळून संशोधन प्रकल्पाचे १० श्रेयांक असा हा आराखडा आहे. पदव्युत्तर पदवीसाठी वर्गाबाहेरचे काम सक्तीचे झाले, याचे मी एक निवृत्त वनस्पतिशास्त्र शिक्षक म्हणून मनापासून स्वागत करतो. मात्र वाणिज्य, संगणकशास्त्र आणि जीवशास्त्र या सगळ्यांना एकच चौकट लावताना जीवशास्त्राची एक साधी गरज नजरेआड झाली आहे, आणि ती म्हणजे ऋतू.

दुसरे सत्र साधारणपणे डिसेंबर-जानेवारीत सुरू होऊन मेपर्यंत चालते. या काळात सह्याद्रीवर पळस, पांगारा, काटेसावर फुललेली असते, सदाहरित जंगलातल्या अनेक वृक्षांचा अभ्यासही तेव्हा उत्तम होतो. पण पठारांवरच्या आणि माळरानांवरच्या ज्या वनस्पतींमुळे आपला हा भाग जगाच्या नकाशावर आहे, त्यांचा तेव्हा मागमूसही नसतो. गेंद, सीतेची आसवे, तेरडा, कंदीलपुष्प या सगळ्यांचे आयुष्य किंवा निदान जमिनीवरचे दर्शन जूनच्या पावसापासून ऑक्टोबरच्या उन्हापर्यंतच असते. बहुतेक गवतेही ऑगस्टनंतर फुलोऱ्यावर येतात, आणि फुलोरा हाती नसेल तर गवताची जात ठरवणे भल्याभल्यांना जमत नाही. प्राणिशास्त्राचीही तीच गत आहे. पहिल्या पावसात डबक्यांभोवती ओरडणारे बेडूक मार्चमध्ये जमिनीखाली किंवा दगडांच्या आड दडलेले असतात. मग विद्यार्थी काय करतो? कातळ वाळून काळा पडलेला असताना तो पठारावर एक चक्कर मारतो, जुन्या प्रबंधांतून नावांची यादी उतरवतो, किंवा एखाद्या प्रयोगशाळेतून प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र आणून श्रेयांक पदरात पाडून घेतो. दोष त्याचा नाही. वेळापत्रकाने त्याला दुसरी वाटच ठेवलेली नाही.

यावर माझी सूचना अगदी मर्यादित आहे. वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र आणि जीवविविधतेशी संबंधित विषयांच्या अभ्यासमंडळांना दुसऱ्या सत्रातील क्षेत्र प्रकल्प आणि तिसऱ्या सत्रातील संशोधन प्रकल्पाचा पहिला भाग यांची अदलाबदल करण्याची मुभा द्यावी. दोन्हींना ४-४ श्रेयांकच आहेत, त्यामुळे ८८ची बेरीज जशीच्या तशी राहते आणि पहिल्या वर्षाअखेर पदविका घेऊन बाहेर पडणाऱ्यांचे ४४ श्रेयांकही कायम राहतात. पहिल्या सत्रातही पाऊस असतोच, असे कोणी म्हणेल. पण पदवीचे निकाल आणि प्रवेशाच्या फेऱ्या लांबल्या की वर्ग भरेपर्यंत ऑगस्ट उजाडतो आणि नवख्या विद्यार्थ्याला तेवढ्यात ओळखपद्धतीही शिकून होत नाही. तिसऱ्या सत्रातला विद्यार्थी मात्र तयार असतो.

शिवाय क्षेत्र प्रकल्पाच्या या ४ श्रेयांकांत नेमके काय करून दाखवायचे, हे लेखी ठरले पाहिजे. प्रात्यक्षिकाच्या एका श्रेयांकाला ३० तास धरले तर १२० तास हाती येतात, आणि हा वेळ थोडा नाही. एकाच ठिकाणी दर पंधरवड्याला जाऊन नोंदी ठेवणे आणि मोजक्याच पण स्वतः ओळखलेल्या वनस्पतींचे दाबून वाळवलेले नमुने तयार करणे, एवढे तरी सक्तीचे असावे. नमुना तयार करणे हे कारकुनी काम नव्हे. पावसाळ्यात दाबयंत्रातले वर्तमानपत्राचे कागद रोज बदलले नाहीत तर दोन दिवसांत बुरशी येते. फुलाचा रंग वाळल्यावर उडतो, म्हणून तो जागेवरच लिहावा लागतो. गाव, उंची, तारीख, आजूबाजूची झाडे हेही तिथेच टिपावे लागते. हे ज्याने स्वतःच्या हाताने केले, तो पुढे दुसऱ्याच्या नमुन्याकडेही जाणत्या नजरेने पाहू शकतो. दुर्मीळ आणि संरक्षित वनस्पती मात्र उपटायच्या नाहीत, त्यांची छायाचित्रे आणि नोंदी पुरेत, हेही नियमातच यावे.

प्रयोगशाळेतल्या आधुनिक तंत्रांना माझा विरोध नाही. डीएनएवरून जात ओळखण्याची पद्धत अतिशय उपयुक्त आहे, परंतु तिची तुलना शेवटी कोणीतरी अचूक ओळखून जपून ठेवलेल्या नमुन्याशीच होते. तो नमुना चुकीच्या नावाने नोंदला गेला, तर यंत्र तेच चुकीचे नाव बिनतक्रार पुढे देत राहते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४ मध्ये प्राण्यांचे विच्छेदन बंद केले, तो निर्णय योग्यच होता. पण प्रात्यक्षिकांचे जे तास त्यातून मोकळे झाले, त्यांत जिवंत प्राण्यांच्या अधिवासातील निरीक्षणाला मानाचे स्थान मिळायला हवे होते. ते फारसे कुठे मिळालेले दिसत नाही.

पीएच.डी.बाबत एकच मुद्दा मांडतो. आयोगाच्या २०२२च्या नियमांनी प्रबंध सादर करण्यापूर्वी शोधनिबंध प्रसिद्ध करण्याची सक्ती काढून टाकली. पैसे घेऊन वाटेल ते छापणाऱ्या नियतकालिकांचा सुळसुळाट पाहता हे बरेच झाले. मात्र वनस्पतींवर आधारित प्रबंधासाठी, मग तो औषधी गुणधर्मांवर असो वा रसायनांवर, अभ्यासलेल्या प्रत्येक जातीचा नमुना मान्यताप्राप्त वनस्पती-संग्रहालयात (हर्बेरियममध्ये) जमा करून त्याचा क्रमांक प्रबंधात देणे विद्यापीठांनी आपल्या नियमांत बंधनकारक करावे. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र आणि आघारकर संशोधन संस्था, मुंबईत सेंट झेवियर्समधील ब्लॅटर हर्बेरियम, कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ, असे संग्रह आपल्या राज्यात आहेत.

यातल्या अडचणींची मला कल्पना आहे. कित्येक विभागांत पदे रिक्त आहेत आणि तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांना क्षेत्रभेटीचा मोबदला मिळत नाही. त्यांच्याकडून पावसात डोंगर चढण्याची अपेक्षा ठेवायची तर ते तास अध्यापनाचे म्हणून मोजलेच पाहिजेत. वनखात्याच्या परवानगीसाठीही प्रत्येक महाविद्यालयाने स्वतंत्रपणे खेटे घालण्यात अर्थ नाही. विद्यापीठाने आपल्या कार्यक्षेत्रातील सर्व विभागांच्या वतीने एकत्रित अर्ज मार्च-एप्रिलमध्येच केला, तर जूनपूर्वी परवाने विद्यार्थ्यांच्या हाती पडू शकतील.

आपला,
एक निवृत्त वनस्पतिशास्त्र प्राध्यापक, सातारा