गिअर ऑइल: ‘पाच’ म्हणजे ‘चार’पेक्षा भारी नव्हे

महोदय,

इंजिन ऑइलबाबत कमालीचे चोखंदळ असणारे मोटारप्रेमीही गिअर ऑइल मात्र दुकानदार देईल ते घेतात. हीच चूक मी केली, म्हणून हे पत्र.

ताम्हिणी घाटात जाण्यापूर्वी माझ्या जुन्या स्पोर्ट्स गाडीत एका गॅरेजमध्ये जीएल-५ प्रतीचे तेल भरले गेले (गिअर ऑइलच्या जीएल-४, जीएल-५ अशा प्रती असतात), कारण ‘पाच म्हणजे चारपेक्षा भारी’ हा मिस्त्रींचा युक्तिवाद मलाही पटला. वस्तुतः जीएल-५ हे मुख्यतः डिफरन्शियलमधील, म्हणजे चाकांना ताकद वाटून देणाऱ्या भागातील, हायपॉइड (एकमेकांवर घसरत फिरणाऱ्या तिरक्या) दात्यांसाठी असते. त्यात गंधक-फॉस्फरसयुक्त रसायनांचे प्रमाण जीएल-४ च्या साधारण दुप्पट असते, आणि त्यांतील काही रसायने गिअरबॉक्समधील सिंक्रोनायझरच्या, म्हणजे गिअर बदलताना वेग जुळवून देणाऱ्या भागाच्या, पितळी रिंगा हळूहळू खातात. शिवाय सिंक्रोनायझरला थोडे घर्षण हवेच असते. तेल फार निसरडे झाले की दाते जुळण्याआधीच गिअर खरखरतो. माझा दुसरा गिअर रोज सकाळी असाच कुरकुरू लागला, आणि तेल काढले तेव्हा ट्रेमध्ये चक्क सोनेरी चुरा चमकत होता.

अर्थात काही गाड्यांना कंपनीच जीएल-५ सांगते, तेव्हा मॅन्युअलमधील प्रत आणि ७५डब्ल्यू-८० की ७५डब्ल्यू-९० हा दाटपणा, दोन्ही पाहूनच नाना पेठेतील गाड्यांच्या सामानाच्या बाजारात जावे. तेल काढण्यापूर्वी भरण्याचा नट सुटतो ना, हेही तपासावे. तो गंजलेला असेल तर रिकाम्या गिअरबॉक्सची गाडी जागेवरच अडकते.

योग्य तेलाने माझी कुरकुर कमी झाली, रिंग मात्र बदलावीच लागली.

– एक वाचक, कोथरूड, पुणे