चिऊच्या पायावरच्या पट्टीबद्दल

ती. आई-बाबा,
सा. न.

काल फोनवर चिऊ शेजारीच बसली होती, तिच्यासमोर सगळं बोलायचं नव्हतं म्हणून लिहितेय. बाबा, आईला मोठ्याने वाचून दाखवा.

तिच्या मांडीवरची ती कातडीची पांढरट पट्टी नागीण नाही आणि कोडही नाही. आजाराचं नाव लिनियर मॉर्फिया. शरीराची प्रतिकारशक्तीच उलटते, आधी कातडीला आतून सूज येते आणि मग ती घट्ट, कडक होत जाते. संसर्ग होत नाही, खाण्यातून होत नाही आणि आई, नजर लागूनही होत नाही गं.

घोडबंदरला एका दवाखान्यात गजकर्ण म्हणून मलम दिलं होतं, फरक पडेना म्हणून मग स्किनच्या मॅडमकडे नेलं. त्यांनी तिला खिडकीपाशी उजेडात उभं केलं. मधे पांढरट, चकचकीत आणि कडेने जांभळट झाक. बाजूची कातडी त्यांनी चिमटीत धरली तर सहज आली, पट्टीवरची काही केल्या चिमटीत येईचना, मलाही हात लावून बघायला लावलं. मग टेपने दोन्ही पायांची लांबी आणि घेर मोजला, नंतर छोटा तुकडा काढून बायोप्सी. ती जांभळट कड म्हणजे आजार अजून चालू आहे, औषध लागू पडायची वेळ हीच, असं म्हणाल्या.

बाबा, तुम्ही म्हणालात दुखत नाही खाजत नाही, मग जरा थांबून बघू. नाही थांबायचं, हेच सांगायला एवढं लिहितेय. हे कातडीखाली चरबीत, स्नायूत, कधी पार हाडापर्यंत उतरतं, वाढत्या वयात पाय बारीक राहतो, आखूड राहतो, पट्टी सांध्यावरून गेली तर गुडघा आखडतो आणि एकदा खुंटलेली वाढ औषधाने भरून येत नाही. कपाळावर अशी पट्टी आली तर डोळे आणि मेंदूसुद्धा तपासतात, काही मुलांना फिट येतात. चिऊची अजून गुडघ्याच्या वरच आहे, वेळेत कळलं याचं मला फार बरं वाटतंय.

आता गोळीचं. मेथोट्रेक्झेट कॅन्सरमध्ये देतात हे खरंय, पण इथे डोस खूप कमी, आठवड्यातून एकदाच, आमचा रविवार ठरलाय. ती चुकूनही रोज द्यायची नाही, धोका असतो, तुम्ही इथे राहायला आलात की हे लक्षात ठेवा. सोबत फॉलिक अॅसिड, सुरुवातीला स्टेरॉइड, आणि अधूनमधून रक्त तपासून लिव्हर बघतात. पट्टी मऊ पडली तरी मधेच सोडायची नाही, वर्ष-दोन वर्षं तरी धरून चाला. आणि आई, तुझा लेप नको, प्लीज.

अशा रेषा का येतात, तर ब्लाश्को नावाच्या जर्मन डॉक्टरने १९०१ साली पेशंट बघून बघून त्यांचा नकाशाच काढला होता. पोटात गर्भ वाढताना कातडीच्या पेशी ज्या वाटांनी पसरतात त्याच या, एरवी दिसत नाहीत. सगळ्याच रेषा वाईट नसतात. लायकेन स्ट्रायेटस म्हणून असतं, टाचणीच्या डोक्याएवढे बारीक पुरळ एका ओळीत, ते बहुतेक वेळा वर्षभरात, फार तर दोन-तीन वर्षांत आपणहून जातं. पण नुसतं बघून आपल्याला कसं कळणार कुठलं कुठलं ते?

आई, तुला वाडीत बाळंतिणींकडे बोलावतात म्हणून एक सांगते. जन्मल्यावर थोड्याच दिवसांत एखाद्या मुलीच्या अंगावर ओळीने पाण्याचे फोड दिसले तर घामोळं म्हणून सोडू नका, तसा एक जन्मजात आजार आहे, त्यात डोळ्याचा पडदा लगेच तपासावा लागतो, उशीर झाला तर नजर जाऊ शकते.

आणि शेजारच्या बारक्याच्या दंडावर रेघ आलीय म्हणालीस ना, त्याच्या आईला म्हणावं मेडिकलमधून मलम आणून लावू नकोस, चिपळूणला स्किनच्या डॉक्टरांना दाखव. याच आठवड्यात.

तुमची,
ताई