फालोंब्याहून पत्र

फालोंबे, मलावी
2 नोव्हेंबर

प्रिय आई-पप्पा,

प्रभूच्या नावात सलाम. आजीला सलाम सांगा, चिमीला खूप प्रेम.

मी अगदी ठणठणीत आहे. आई आधी तेवढंच शोधणार, म्हणून पहिल्यांदा लिहिलं. मलेरियाची गोळी चुकवत नाही, मच्छरदाणी गादीखाली नीट खोचतो, पाणी उकळून पितो. काकांनी कॉलराचं वाचून दाखवलं ते 2022-23 चं होतं. तेव्हा या देशात 1,700 हून जास्त माणसं गेली, हे खरं. पण ती घाण पाणी प्यावं लागलं म्हणून गेली, आणि आम्ही नऊ जण पुण्याहून इथं पाण्याच्या कामासाठीच आलोय. तुझ्या काळजीचं कारण आणि माझ्या येण्याचं कारण एकच आहे, आई. फोनला रेंज फार कमी मिळते. आमच्यातले दोघं रविवारी पुण्याला निघताहेत, त्यांच्या हाती हे देतो.

एवढ्या लांब कशाला, पुण्यात गरीब नाहीत का, असं काका सगळ्यांसमोर म्हणाले ते मनात राहिलंय. आहेत. ताडीवाला रोडच्या वस्तीत मी दोन वर्षं शनिवारी मुलांना गणित शिकवलं, तेव्हा कुणी विचारलं नाही की तिथं का जातोस. आणि आम्ही कुणाला ख्रिस्ती करायलाही आलेलो नाही. इथले बहुतेक लोक ख्रिस्तीच आहेत. इथल्या ब्लँटायर शहरातलं मिशन 1876 चं, तिथलं विटांचं मोठं चर्च 1891 मध्ये पुरं झालं. रविवारी ही मंडळी तीन तास उभी राहून गाते, आम्हालाच त्यांच्याकडून शिकायचंय.

आजीला एक मुद्दाम सांगा. तिच्या नाशिकच्या शरणपूर मिशनमध्ये गुलामांच्या गलबतांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं शिकायची, असं ती सांगायची आणि आम्ही ते गोष्टीसारखं ऐकायचो. त्यातला जेकब वेनराइट हा याओ जमातीचा, आणि याओ लोक इथलेच. 1873 मध्ये आफ्रिकेत फिरणारे मिशनरी लिव्हिंगस्टन वारले तेव्हा शव किनाऱ्यापर्यंत खांद्यावर नेणाऱ्यांत तो होता, पुढे त्याच्याबरोबर इंग्लंडलाही गेला. नाशकात शिकलेला मुलगा! इथल्या पाळकसाहेबांना हे सांगितलं तर त्यांनी मला दोनदा सांगायला लावलं.

आता इथली एक रीत नीट सांगतो, कारण मला ती कळायला आठवडा गेला. इथं दार वाजवत नाहीत. अंगणाच्या कडेला थांबून ‘ओडी’ म्हणायचं. आतून ‘ओडिनी’ आलं की पुढं जायचं. बाई चटई आणून टाकते, त्यावर बसायचं, आणि बसल्यावर काही बोलायचं नाही. थोडा वेळ जाऊ द्यायचा. मग ती विचारते, ‘मुली ब्वांजी’, कसे आहात. आपण बरं आहे म्हणायचं आणि उलट विचारायचं. सकाळ असेल तर कसे उठलात, हेही. घरात चार माणसं असतील तर चौघांशी. एवढं झाल्यावर काम. पहिल्या दिवशी मी सरळ विचारलं, बोअर किती खोल आहे? सगळ्या बायका खाली बघायला लागल्या. हापसा बंद, घागरी रिकाम्या, तरी आधी माणूस. मला वाटायचं वेळ वाया जातोय. आता सकाळी कुणी विचारलं नाही तर चुकल्यासारखं वाटतं.

पप्पा, हे फक्त तुमच्यासाठी. इथला हापसा आफ्रीदेव नावाच्या बनावटीचा. आपल्याकडचा मार्क टू हापसा सोलापूरच्या मिशनवाल्यांच्या हापशावरून आला, असं तुम्ही सांगायचात. या आफ्रीदेवचीही काही घडण 1980 च्या दशकात याच देशात झाली. तुम्ही झेडपीच्या पथकात लोखंडी पाइप ओढून ओढून गुडघे घालवलेत. इथं पाइप प्लास्टिकचा, आणि तो वर काढावाच लागत नाही. एका पान्यानं वरचं झाकण खोलायचं, सळया हातानं एकेक सोडवत वर घ्यायच्या, दट्ट्या आतल्या आत वर येतो. वायसर बदलला की झालं. 2023 च्या फ्रेडी वादळात मुलांजेच्या डोंगरावरून चिखल-दगड खाली आले, तेव्हापासून या गावचा हापसा रडतखडत चालायचा. पाणी समितीतल्या एका बाईनं तो माझ्यासमोर खोलला. पाठीला बाळ बांधलेलं. मी सळई धरून उभा होतो. तिला सगळं येत होतं, पप्पा. तिच्याकडे वायसर नव्हता, तो मिळायचं दुकान दूर, आणि मे-जूनमध्ये मका निघाला की जमवलेली वर्गणी आता संपलेली. त्या रात्री मला झोप आली नाही. नऊ जणांची विमानाची तिकिटं आठवत राहिली.

म्हणून मी अजून तीन आठवडे थांबतोय. बाजाराच्या गावात एका दुकानदाराला सुटे भाग ठेवायला राजी करायचंय, आणि सात गावांच्या समित्यांची त्याच्याशी गाठ घालायचीय. पावसाळा लागला की रस्ते बंद होतील, आताच व्हायला हवं. म्हणजे चिमीच्या साखरपुड्याला मी नसणार. तिला तुम्ही सांगू नका, मी तिला वेगळी चिठ्ठी लिहिलीय. नगरच्या पाहुण्यांना म्हणावं, मुलीचा भाऊ कामात आहे. लग्नाच्या घोषणा होतील त्या तिन्ही रविवारी मात्र मी चर्चमध्ये असेन.

बिनपगारी रजा वाढली, त्यामुळे या महिन्याला घरी पैसे येणार नाहीत. हॉलचा ॲडव्हान्स माझ्या एफडीतून भरा, पावती कपाटात पवित्र शास्त्राच्या मागे आहे. पप्पांच्या गुडघ्याची तारीख मात्र पुढं ढकलू नका, त्याचे पैसे वेगळे ठेवलेत. आई, तू माझ्यासाठी घेतलेला शर्ट साखरपुड्याला काकांच्या मुलाला घालायला दे. त्याला होईल.

इथं आंबे पिकायला लागलेत. मी रोज दोन खातो.

तुमचा,
बाळू