हायवेवर पाटी लावा, जाहिरात कशाला?

संपादक साहेब, नमस्कार.

हायवेच्या कडेची होर्डिंग्ज आणि पर्यटनाच्या पाट्या यावर तुमच्या पानावर पत्रं येतायत ती वाचली. एक म्हणतो सगळं उपटून टाका, दुसरा म्हणतो मग आडबाजूच्या लॉजवाल्याने, छोट्या म्युझियमवाल्याने लोक आणायचे कुठून. मला दोघांचंही पटतं, आणि म्हणूनच वाटतं की भांडण भलत्याच जागी चाललंय. वाट दाखवणारी पाटी वेगळी आणि माल विकणारी जाहिरात वेगळी, दोन्ही एकाच फायलीत घातल्या की जाहिरातवालाच जिंकतो, कारण तो सुनावणीला पुढे करतो बिचाऱ्या छोट्या पर्यटनस्थळाला आणि परमिशन मिळाली की बोर्डावर झळकते मोबाईल कंपनी.

अमेरिकेत हे सगळं साठ वर्षांपूर्वीच होऊन गेलंय. 22 ऑक्टोबर 1965 ला प्रेसिडेंट जॉन्सननी हायवे सुशोभीकरणाच्या कायद्यावर सही केली, त्यासाठी जोर लावला होता त्यांच्या पत्नी लेडी बर्ड जॉन्सन यांनी. मोठ्या हायवेच्या हद्दीपासून 660 फुटांच्या आत, म्हणजे साधारण 200 मीटर, जाहिरातींवर राज्यांनी लगाम ठेवायचा, आणि जे राज्य ठेवणार नाही त्याला केंद्राकडून मिळणारा हायवेचा पैसा 10 टक्के कापायचा. ऐकायला कडक वाटतं ना? पण कमर्शियल आणि इंडस्ट्रियल झोनमध्ये मोकळीक ठेवली, वर जुनं होर्डिंग काढायचं तर मालकाला भरपाई द्या असंही त्यातच घातलं, मग भरपाईला पैसे नाहीत म्हणून हजारो जुनी होर्डिंग्ज तशीच उभी, आणि उजाड माळावरचा तुकडा कागदोपत्री कमर्शियल करून घ्यायचे उद्योग सुरू. काहींनी तर 660 फुटांची रेघ संपते तिथून पुढे अजून अवाढव्य बोर्ड ठोकले, लांबून दिसायला हवेत म्हणून! ती पळवाट बुजवायला दहाएक वर्षांनी परत कायदा दुरुस्त करावा लागला.

पण त्याच कायद्याखालच्या नियमांत एक भाग आहे तो मला फार आवडतो आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. खाजगी पर्यटनस्थळाची दिशा दाखवणारी पाटी कशी असावी तर जास्तीत जास्त 150 चौरस फूट, उंची आणि लांबी 20 फुटांच्या वर नाही. एका स्थळाच्या एका दिशेला तोंड असलेल्या तीनच पाट्या, दोन पाट्यांमध्ये निदान एक मैल अंतर, इंटरचेंजच्या, म्हणजे हायवेवर चढायच्या-उतरायच्या फाट्याच्या, 2000 फुटांच्या आत पाटीच नको कारण तिथे ड्रायव्हर आधीच लेन बदलायच्या गडबडीत असतो. स्थळ फार लांब असेल तरी नाही, राज्याराज्यांना जोडणाऱ्या मुख्य इंटरस्टेट हायवेवर सरळ रेषेत 75 मैलांच्या आतलं असलं पाहिजे. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मजकुरात फक्त स्थळाचं नाव आणि कुठे वळायचं एवढंच. वर्णन करणारे शब्द नाहीत, चित्र नाही, फोटो नाही. म्हणजे 'अविस्मरणीय', 'एकमेव', 'नयनरम्य' सगळं बाद, आणि कुणाचे हात जोडलेले हसरे चेहरेही बाद (हा माझ्या मते सगळ्यात मोठा फायदा).

आपल्याकडे काय, सगळीकडेच काय, नियम म्हटलं की फुटपट्टी निघते. किती बाय किती, खांब किती जाड, फी किती. हे लागतंच, वादळात पडलेलं होर्डिंग माणसं मारतं तेव्हा पाया कुणी तपासला होता हे विचारावंच लागतं. पण माप पाळूनही पाटीची जाहिरात होते ती मजकुरामुळे, आणि मजकुराचा नियम लिहायला कुणी तयार होत नाही कारण तिथेच खरे पैसे आहेत.

आता धंदा बुडेल ह्या मुद्द्यावर येतो. अमेरिकेतल्याच व्हरमाँट राज्याने 1968 मध्ये हायवेवरची होर्डिंग्ज बंद केली आणि सत्तरच्या दशकाच्या मध्यापर्यंत ती गेली सुद्धा. हे राज्य पर्यटनावर बऱ्यापैकी जगतं, डोंगर, बर्फ, शरद ऋतूतली झाडं बघायला लोक येतात, म्हणजे खरं तर तिथेच सगळ्यात जास्त ओरड व्हायला हवी होती. पण त्यांनी नुसतं बंद केलं नाही, त्याऐवजी सरकारी छोट्या सारख्या मापाच्या पाट्या दिल्या, हॉटेल असो की शेतावरचं दुकान, अर्ज करा, फी भरा, नाव आणि बाण मिळेल, मोठ्याला मोठा बाण आणि छोट्याला छोटा असं नाही. मला वाटतं छोट्या धंदेवाल्याला हेच जास्त परवडतं, कारण होर्डिंगच्या शर्यतीत तो मोठ्या साखळीवाल्यांपुढे कधीच टिकत नाही. मेन, अलास्का आणि हवाई या राज्यांमध्येही होर्डिंगबंदी आहे, हवाईत तर 1920 च्या दशकापासून.

फ्रान्सने अजून बारीक चाळणी लावली. तिथे गावाबाहेरच्या रस्त्यांवर हॉटेलं, रेस्टॉरंट, पेट्रोल पंप यांना छोट्या दिशादर्शक पाट्या लावायची सवलत होती आणि त्याचं पुढे जंगल झालं, शेवटी 13 जुलै 2015 पासून ती सवलत काढून घेतली. शिल्लक कुणाला ठेवली, तर लोकांना बघायला खुल्या असलेल्या ऐतिहासिक वास्तू, सांस्कृतिक कार्यक्रम आणि त्या भागातला खास माल बनवणारे किंवा विकणारे. माप किती, तर एक मीटर बाय दीड मीटर, संपलं! मोटरवेवरच्या तपकिरी पाट्यासुद्धा फ्रान्सनेच सत्तरच्या दशकात आणल्या, पुढे ब्रिटनने तो रंग उचलला, आणि आता कितीतरी देशांत तपकिरी म्हटलं की काहीतरी बघण्यासारखं आहे एवढं न वाचताच कळतं. ब्रिटनमध्ये त्या पाटीचा खर्चही साधारणपणे ज्याचं स्थळ तोच देतो, त्यामुळे सरकारवर बोजा वगैरे कारण चालत नाही.

वाचण्यावरून आठवलं. ताशी 100 किमीने गाडी सेकंदाला जवळपास 28 मीटर जाते. दोन सेकंद मान वळली की 55 मीटर रस्ता न बघता गेला. अमेरिकेत खऱ्या गाड्यांत कॅमेरे बसवून केलेल्या अभ्यासात दिसलं की दोन सेकंदांपेक्षा जास्त वेळ नजर रस्त्यावरून हटली तर अपघाताची किंवा थोडक्यात वाचण्याची शक्यता किमान दुप्पट होते. नाव आणि बाण एका झलकेत वाचून होतं, पण चार ओळींची स्कीम, खाली फोन नंबर आणि त्याखाली बारीक अक्षरात अटी लागू, हे वाचायला ड्रायव्हरने गाडी थांबवायची का? डिजिटल बोर्डाचं तर विचारूच नका. बऱ्याच ठिकाणी एक चित्र किमान आठ सेकंद ठेवा असा नियम असतो आणि तो सुरक्षिततेचा म्हणून सांगतात, पण आठ सेकंदांत गाडी सव्वादोनशे मीटर जाते आणि बोर्ड दिसतो त्याच्या दुप्पट अंतरावरून, म्हणजे प्रत्येक ड्रायव्हरला चित्र बदलताना दिसणारच, आणि हललेल्या गोष्टीकडे डोळा आपोआप जातो. त्यापेक्षा हायवेवर बदलतं चित्र नकोच म्हणा की सरळ.

कुणी म्हणेल आता मॅप फोनवर आहे, पाट्या हव्यात कशाला. रेंज जाते तिथेच बघण्यासारखी ठिकाणं जास्त असतात ही एक अडचण, शिवाय घाटात फोनकडे बघण्यापेक्षा पाटीकडे बघितलेलं कधीही बरं. आणि फोनवर सगळं सापडतं हे खरं असेल तर होर्डिंगशिवाय गिऱ्हाईक येणारच नाही हे रडगाणं पण बंद करा, दोन्ही एकदम कसं चालेल.

नियम करणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच की पर्यटनस्थळ कशाला म्हणायचं हे आधी लिहा. पार्किंग आहे का, टॉयलेट आहे का, ठरलेल्या वेळी उघडं असतं का, नाहीतर उद्या प्रत्येक वॉटर पार्क आणि प्लॉटिंगवाला तपकिरी पाटी मागेल. पाटी उभारायचं काम रस्तेखात्याने स्वतः करावं, अर्जदाराने फक्त पैसे द्यावेत. आणि परमिशन दर काही वर्षांनी रिन्यू करायची अट घाला, सोबत पाटी काढायचा खर्च डिपॉझिट म्हणून आधीच घेऊन ठेवा, म्हणजे कधीच बंद पडलेल्या बोटिंग क्लबची पाटी बघून लोक वीस किलोमीटर आत जाऊन परत फिरणार नाहीत आणि ती काढायची कुणी यावर पुढची दहा वर्षं पत्रव्यवहार चालणार नाही.

आपला,
एक नियमित वाचक