सायलीच्या वजनाबद्दल

कोल्हापूर

प्रिय मीनल,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र वाचून लगेच उत्तर लिहायला बसले आहे, कारण तुझ्या लेकीने, सायलीने, वजन कमी करण्यासाठी मोबाईलवरून उतरवून घेतलेला दिवसाला १२०० कॅलरींचा जो आहाराचा तक्ता तू सोबत पाठवला आहेस, तो आजच बंद व्हायला हवा. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२० सालच्या शिफारशींनुसार १३ ते १५ वर्षांच्या मुलीला दिवसाला साधारण २४०० कॅलरी लागतात. म्हणजे हा तक्ता तिला सरळसरळ अर्धपोटी ठेवणारा आहे, आणि तोही हाडे भरण्याच्या वयात.

वर्षभरात तिचे वजन सहा किलोंनी वाढले याची तू धास्ती घेतली आहेस. पण याच वर्षात तिची उंची वाढली आणि दिवाळीच्या सुमारास पाळीही सुरू झाली, हे तूच लिहिले आहेस. पाळी येण्याच्या आगेमागे मुलींच्या मांड्या, नितंब आणि छाती भरतात. ती वाढ आहे, आजार नव्हे. तिचे वजन वर्षभर जागचे हलले नसते, तर मला अधिक काळजी वाटली असती.

नुसत्या वजनाच्या आकड्यावरून काही ठरवता येत नाही. बालरोगतज्ज्ञांकडे ५ ते १८ वर्षांच्या भारतीय मुलांसाठी २०१५ साली सुधारलेले वाढीचे आलेख असतात. त्यांवर मागच्या दोन-तीन वर्षांची उंची आणि वजन मांडले की रेषा कुठे चालली आहे ते दिसते, म्हणून जाताना शाळेच्या आरोग्यपत्रकातले जुने आकडे घेऊन जा. तिच्या मानेच्या मागे काळपट, मखमलीसारखी जाडसर त्वचा दिसते का, तेही बघ. पुष्कळ घरांत ती मळ समजून दगडाने घासली जाते. आमच्या ओपीडीत घासून घासून सालटी निघालेली मान मी पाहिली आहे. खरे तर शरीरात इन्शुलिन नीट काम करत नसल्याची ती खूण असू शकते. पाळी पुढे-मागे होते म्हणून मात्र लगेच घाबरू नकोस. सुरुवातीच्या दोन-तीन वर्षांत २१ ते ४५ दिवसांचे अंतर चालते. सलग तीन महिने पाळी आली नाही, तर तपासणी हवी. आणि आलेखावर वजन खरोखरच जास्त दिसले, तरी या वयात ते झपाट्याने उतरवायचे नसते. बहुतेक वेळा वजन वाढण्याचा वेग आवरणे पुरेसे असते, आणि तेही डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

खाण्याबद्दल तू विचारलेस. पोळ्या मोजू नकोस, तिच्या दिवसाचे वेळापत्रक बघ. सकाळी सातला घाईघाईत चहा-बिस्कीट, दुपारी अर्धा डबा, तिथून परस्पर क्लास आणि रात्री दहाला जेवण, अशा दिवसात संध्याकाळी क्लासच्या दाराशी वडापाव खाल्ला जाणारच, कारण तिला तेव्हा खरी भूक लागलेली असते. शाळेतून क्लासला जाताना खायला दुसरा डबा दे: थालीपीठ, मटकीची उसळ, उकडलेले अंडे किंवा दाण्याची चटणी लावलेली भाकरी. मग महिन्यातून एखादा वडापाव खाल्ला, तर त्याचा हिशेब मागू नकोस. तिला दिवसाला ३० मिलिग्रॅम लोह लागते आणि आता दर महिन्याला रक्तही जाते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते १९ वयाच्या सुमारे ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आढळला. म्हणून खाण्यातले लोह अंगी लागावे यासाठी पालेभाजी आणि कडधान्यांवर लिंबू पिळ, आणि जेवणाला लागून चहा देऊ नकोस. नाचणीची भाकरी, दूध आणि ताक कॅल्शियमसाठी हवेच. सरबते आणि बाटलीतली गोड पेये घरात कोणासाठीच आणू नका. एकट्या सायलीवर बंदी घातली, तर ती लपून पिईल.

मला सर्वांत जास्त सलली ती तुझ्या पत्रातली एक ओळ: पाळी सुरू झाल्यापासून तिने कबड्डी सोडली. आपल्याकडे मुलगी मोठी झाली की तिचे मैदान सुटते आणि मग तिच्या वजनाची चर्चा सुरू होते, हे मी वर्षानुवर्षे पाहते आहे. या वयाच्या मुलांना रोज तासभर दमवणारी हालचाल हवी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. घट्ट बसणारी स्पोर्ट्स ब्रा, पाळीसाठी नीट व्यवस्था आणि सरावाहून घरी येताना सोबत, एवढे मिळाले तर ती पुन्हा खेळेल. त्यासाठी एखादा क्लास बंद करावा लागला तरी कर.

आणि घरात तिच्या अंगाबद्दल बोलणे थांबव. आत्याबाई सर्वांसमोर ‘किती सुटलीस ग’ म्हणतात, तेव्हा तू त्यांना तिथल्या तिथे थांबवायला हवेस. अशा शब्दांनी मुली जेवण टाळतात, मग रात्री भुकेने भरपूर खातात आणि त्याबद्दल स्वतःला दोष देतात. काही मुली पुढे उलट्या काढू लागतात. जेवल्यावर ती लगेच बाथरूममध्ये जाते का, एकटीच जेवते का, तिला चक्कर येते का, याकडे लक्ष असू दे. यांपैकी काहीही दिसले, तर वजनाचा विषय बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे आणि गरज पडल्यास मानसोपचारतज्ज्ञांकडे जा.

डॉक्टरांची भेट झाली की आलेखाचा फोटो आणि हिमोग्लोबिन तपासले असेल तर तो आकडा मला पाठव. सायलीला माझ्याशी बोलायचे असेल, तर रविवारी दुपारी मी घरीच असते. तू जवळ नसतानाही तिने फोन केला तरी चालेल.

तुझी,
माधवी